कानाशी मोडलेली काडी

देवळात शिरताना वाहाणा बाहेर काढून ठेवाव्या लागतात. जळगावच्या नवऊर्जा उद्योग संवर्धन केंद्रात शिरताना नथ्थूभाऊंना आपले यंत्र बाहेर ठेवावे लागले. वास्तविक त्या केंद्राची स्थापना अशा यंत्रांसाठीच झाली होती; परंतु यंत्र पेटवले की धूर होतो, धूर झाला की नव्याने रंगवलेल्या भिंती काळवंडतात, आणि काळवंडलेल्या भिंती पाहून उद्घाटनाला येणाऱ्या मान्यवरांना काय वाटेल, असा तेथील व्यवस्थापकांचा सूक्ष्म विचार होता. मी जन्मभर शास्त्रांच्या सावलीत वाढलेला माणूस. सोवळ्याओवळ्याचे नियम मला परके नाहीत. तरीही अग्नीच्या उपासनेसाठी उभारलेल्या मंडपात अग्नीचाच विटाळ मानणारा संप्रदाय मी प्रथम तेथे पाहिला.

नथ्थूभाऊ धुळ्याला आमच्या गल्लीत, दोन घरे सोडून राहत. एका जिनिंग कारखान्यात ते फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची कुरकुर ऐकत त्यांचे केस पिकले. आणि तो कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्याजवळ भंगारातून मागून आणलेले एक डिझेल इंजिन आणि कानांत भरलेली विद्या एवढेच उरले. मी शाळेत संस्कृत शिकवी. माझ्या आणि त्यांच्या विद्येत साम्य इतकेच की दोहोंना बाजारात गिऱ्हाईक नव्हते.

त्यांच्या काखेत पऱ्हाट्यांची एक लहानशी जुडी नेहमी असे. वेचणी संपल्यावर शेतात कपाशीची जी वाळकी झाडे उभी राहतात, त्यांना आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. बोलता बोलता नथ्थूभाऊ त्यातील एक काडी उपसत, कानाशी नेत आणि मोडीत. ‘कट्’ असा स्वच्छ आवाज निघाला तर त्यांचा चेहरा उजळे. आवाज दबका निघाला तर ती काडी ते आजाऱ्यासारखी हळुवार बाजूला ठेवीत. “ओली शे,” ते म्हणत. “धूर गंज, जाळ नही.” गंज म्हणजे आमच्या अहिराणीत पुष्कळ. पुढे हा निकष ते माणसांनाही लावू लागले. एखादा पुढारी चौकात तासभर बोलून उतरला की नथ्थूभाऊ माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगत, “ओला शे, गुरुजी.” शिक्षक म्हणून मी चाळीस वर्षे मुलांची परीक्षा घेतली, पण इतकी संक्षिप्त आणि इतकी अचूक गुणपत्रिका मला एकदाही लिहिता आली नाही.

खिशात आगपेटी असे, विडी मात्र ते ओढीत नसत. लग्नकार्यात लोक त्यांच्याकडे विडी मागत; ते आगपेटी पुढे करीत आणि काडी पेटली की ज्योतीचा रंग न्याहाळत बसत.

त्यांचे यंत्र म्हणजे पत्र्याची एक उंच कोठी. तिच्यात पऱ्हाट्या भरायच्या, हवा बेताची द्यायची, म्हणजे त्या पुरत्या न जळता त्यांच्यापासून जळाऊ वायू निघतो. तो नळीवाटे पाण्यातून निववून, धुऊन इंजिनात सोडायचा. मग इंजिनाला डिझेल नावापुरते पुरते. नळीच्या तोंडाशी आगपेटीची काडी धरली आणि निळी ज्योत लागली की नथ्थूभाऊ हात जोडीत. रोज अग्नीला आहुती देणारा मी. परंतु माझ्या नमस्कारात इतकी निकड कधी नव्हती.

निकडीचे कारण होते अक्का, त्यांची थोरली विधवा बहीण. आई लहानपणीच गेल्यामुळे नथ्थूभाऊंना तिनेच वाढवले होते. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात ती राही. त्या गावात विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. तोवर लोक खांबांना बैल बांधीत. पिठाची चक्की दोन कोसांवर. जाते ओढून ओढून अक्काचा उजवा खांदा निकामी झाला होता, आणि डोक्यावर दळण घेऊन दोन कोस चालणे तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. वैद्याने जाते वर्ज्य सांगितले. पोटाने ते मान्य केले नाही. नथ्थूभाऊंनी तिला शब्द दिला होता, “अक्का, तुन्हं जातं मी बंद करसू.” त्यांच्या सर्व संशोधनाचे सार या एका वाक्यात होते. पुढे प्रकल्प अहवालात हेच वाक्य अकरा पानांचे झाले.

तो अहवाल मी लिहिला. अपारंपरिक ऊर्जेच्या नव्या उद्योगांना अनुदान आणि केंद्रात गाळा मिळणार, अशी जाहिरात वाचून ते माझ्याकडे आले होते. गाळा मिळाला तर कोठी नीट बांधता येईल, एकीच्या जागी दहा बांधता येतील, पायथ्याच्या गावागावांत चक्क्या फिरतील, असा त्यांचा हिशेब. मी अर्जात ‘विनम्र’ हा शब्द दोनदा घातला होता. त्यांनी एक काढायला लावला.

“दोनदा वाकनू त कंबर धरस, गुरुजी.”

अर्ज गेला, आणि काही काळाने पहिले पत्र आले: आपल्या प्रस्तावात पुढील त्रुटी आढळून आल्या आहेत. आमच्या शास्त्रकारांनी त्रुटी हे काळाचे अतिसूक्ष्म माप मानले आहे. पापणी लवायच्या आत कित्येक त्रुटी होऊन जातात. केंद्राच्या गणनेनुसार एका त्रुटीला चार महिने लागत. पहिली त्रुटी अशी की प्रती सातऐवजी सहाच होत्या. दुसरी अशी की सातवी प्रत उशिरा आली. नथ्थूभाऊ प्रत्येक पत्र दोन्ही हातांनी घेत, मला वाचायला देत आणि शेवटी एकच भाष्य करीत:

“यंत्र चालस, गुरुजी. कागद चालत नही.”

अखेरीस कागदही चालला. गाळ्यापूर्वी पंधरा दिवसांचे उद्योजकता प्रशिक्षण घेणे सक्तीचे होते, म्हणून नथ्थूभाऊ जळगावला गेले. एका रविवारी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा व्हरांड्यात बसून ते हस्तांदोलनाचा अभ्यास करीत होते. पंजा किती घट्ट धरावा, हे त्यांना एका तरुण मार्गदर्शकांनी शिकवले होते. त्याच मार्गदर्शकांनी सर्वांना आपापले स्वप्न कागदावर चितारायला सांगितले. कोणी कारखाना काढला, कोणी मोटार. नथ्थूभाऊंनी चक्की काढली.

“अहो, मोठं स्वप्न बघा, नथ्थूभाऊ,” मार्गदर्शक म्हणाले. “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?”

“अक्काकडे,” नथ्थूभाऊ म्हणाले. “पण पाच वर्षे जरा जास्त होतात, साहेब.”

त्यांच्या चित्राला गुण कमी पडले.

डिझेलला पर्याय या विषयावर व्याख्यान सुरू असताना एकदा तेथील वीज गेली. केंद्राच्या मागे डिझेलवर चालणारे एक भव्य जनित्र होते. नवऊर्जेचे सर्व चिंतन त्याच्याच आधाराने चाले. त्या दिवशी ते सुरू होईना. शिपाई हँडल फिरवून फिरवून घामाघूम झाला. नथ्थूभाऊ मागच्या बाकावरून उठले, जनित्राला कान लावला, एक नळी उघडून फुंकून साफ केली आणि ते चालू केले. पंखे फिरले, व्याख्यान पुढे गेले, डिझेलचे दुष्परिणाम सविस्तर सांगण्यात आले. नथ्थूभाऊ हात धुऊन परत येईपर्यंत हजेरी होऊन गेली होती. त्या दिवशी त्यांच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा पडला. त्यांनी तक्रार केली नाही. “खरं शे,” मला म्हणाले. “मी तठे नव्हतू. मी कामवर व्हतू.”

प्रशिक्षणानंतर प्रात्यक्षिक. नियम असा की यंत्र जेथे वापरायचे तेथेच ते समितीला चालवून दाखवावे. मार्गशीर्षातील एक दिवस ठरला. अक्काच्या गोठ्यात कोठी बसवली, इंजिन बसवले, पट्ट्याने चक्की जोडली. त्या दिवसांत शेतातील नवी पऱ्हाटी अजून हिरवी असते, हे जाणून नथ्थूभाऊंनी मागल्या वर्षीच्या पऱ्हाट्या निवडून, एक एक काडी कानाशी मोडून, सबंध पावसाळाभर अक्काच्या पडवीत ताडपत्रीखाली जपल्या होत्या. देवघरातील पोथ्या मी याहून अधिक जपल्या, असे मला म्हणवत नाही.

साक्षीला म्हणून त्यांनी मला नेले होते. समिती तिघांची. एक अध्यक्ष, एक तरुण अभियंता, आणि तिसरे एक गृहस्थ, जे कशासाठी आले होते हे दिवसअखेरपर्यंत कोणालाही, बहुधा त्यांनाही, उमगले नाही. जीप दोन तास उशिरा आली. उतरताच अध्यक्षांनी हवेत नाक वर केले.

“भरीत!” ते म्हणाले.

सकाळपासून गाव त्याच तयारीत होते. जळगावहून साहेब येणार आणि खानदेशात मार्गशीर्षात भरीत न खाता जाणार, ही कल्पनाच त्या गावाला सहन होण्यासारखी नव्हती. वांगी आली, कांद्याची पात आली, अक्काने दुखरा खांदा विसरून पुऱ्या लाटल्या.

“आधी प्रात्यक्षिक बघायचं का, साहेब?” नथ्थूभाऊंनी विचारले.

“अहो, प्रात्यक्षिक कुठे पळून जातंय?” अध्यक्ष पाटावर बसत म्हणाले. “भरीत मात्र गार होईल.”

समितीने भरिताची तपासणी अत्यंत बारकाईने केली. शंका राहू नये म्हणून दोनदा, तीनदा केली. तिसऱ्या गृहस्थांचे प्रयोजन याच वेळी थोडेसे स्पष्ट झाले. “असं भरीत जळगावातसुद्धा मिळत नाही,” अभियंता म्हणाला. “धुराचा वास नाही की कडवटपणा नाही. भाजलं कशावर, अक्का?”

“पऱ्हाटीवर, दादा,” अक्का अभिमानाने म्हणाली. “पन कोरडी खडखडीत पाहिजे. पाव्हनासले ओली जाळीसन कसं चाली?”

माझ्या शेजारी उभे असलेले नथ्थूभाऊ पडवीकडे गेले. मी मागोमाग गेलो. ताडपत्री होती. अक्काने ती नीट चौपदरी घडी करून ठेवली होती. खाली एकही काडी नव्हती. अंगणातील खड्ड्यात वांगी भाजून झाली होती, आणि पांढरी, मऊ, निर्दोष राख तेवढी उरली होती. इतकी निर्मळ राख कोरड्या पऱ्हाटीचीच होते.

मी तोंड उघडले, तोच त्यांनी माझा हात धरला.

“गुरुजी, काही बोलू नका.”

गावात दुसऱ्या कोणाकडे मागल्या वर्षीची पऱ्हाटी उरली नव्हती, मग शेतातून हिरव्या पऱ्हाट्या आल्या. कोठी पेटली. नळीतून जो धूर निघाला त्याने गोठ्यातील म्हशीसुद्धा बाहेर पडल्या. नथ्थूभाऊंनी नळीच्या तोंडाशी काडीमागून काडी धरली; निळी ज्योत काही लागली नाही. इंजिन खोकले, थरथरले आणि थांबले. चक्की हलली नाही. अर्धा तास असा गेला. अध्यक्ष ढेकर देत घड्याळ पाहू लागले.

अभियंता मनाने वाईट नव्हता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “नथ्थूभाऊ, नुसत्या डिझेलवर फिरवा ना. चक्की फिरताना एक फोटो काढतो. फोटोत काय कळतंय?”

“फोटोवर दळण निघत नाही, साहेब.”

“मग दोष कशात आहे?” अध्यक्षांनी विचारले. “इंधनात की यंत्रात? तसं लिहावं लागेल. इंधनाचा प्रश्न असेल तर पुन्हा एक तारीख देता येईल.”

नथ्थूभाऊंनी मान वर केली. दारात अक्का उभी होती. हातात उरलेल्या पुऱ्यांची परात, आणि चेहऱ्यावर, आपण पाहुण्यांचे काही उणे पडू दिले नाही, याचे समाधान. प्रत्येक शब्द तिला ऐकू येत होता.

“यंत्रातच खोट आहे, साहेब,” नथ्थूभाऊ म्हणाले.

अभियंत्याने लिहून घेतले. नथ्थूभाऊंच्या तोंडून मी ऐकलेले ते एकमेव असत्य. असत्याचे प्रायश्चित्त आमच्या ग्रंथांत सांगितले आहे. या असत्याला ते लागू करण्याचे धाडस मला आजवर झालेले नाही.

जीप गेल्यावर अक्काने विचारले, “चालनं नही का रे, नथ्थू?”

“चाली, अक्का. थोडं काम बाकी शे.”

परतीच्या एसटीत मी न राहवून बोललो. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “तिनी पाव्हनासकरता आपला घरमा जे चांगलं व्हतं ते घालं. आते तिले सांगू का, तुन्हामुळे मन्हं काम बुडनं?”

समितीचा अहवाल मी पुढे वाचला. ‘तंत्रज्ञान अविश्वसनीय. अर्जदाराने दोष स्वतः मान्य केला आहे. ग्रामस्थांचे सहकार्य उत्कृष्ट.’ गाळा नाकारण्यात आला. तो काही वाया गेला नाही. केंद्राने त्यात माहितीपत्रके ठेवली.

गाळा नाही म्हणून यंत्र गोठ्यातच राहिले, आणि यंत्र तेथे म्हणून नथ्थूभाऊही तेथेच राहू लागले. उन्हाळा आला, पऱ्हाट्या वाळल्या, आणि एके सकाळी निळी ज्योत लागली. चक्की फिरू लागली. अक्काचे जाते कोपऱ्यात उभे केले गेले. दळणावळीची पद्धत नथ्थूभाऊंनी स्वतः ठरवली: जी बाई दळण आणील तिने कोरड्या पऱ्हाटीची एक मोळीही आणायची. मोळीतील एक काडी ते कानाशी मोडून पाहत. आवाज स्वच्छ आला तर दळण आत. दबका आला तर मोळी परत. पावसाळ्यापूर्वी गावाने घरोघरी पऱ्हाट्या रचून झाकून ठेवल्या. ज्या इंधनाच्या साठवणुकीविषयी अहवालात मी तीन पाने खर्ची घातली होती, ती व्यवस्था बायकांनी चारच दिवसांत लावली.

वर्ष लोटले. केंद्राची नवी योजना आली, नवे साहेब आले. मी मोठ्या उत्साहाने नवा अर्ज लिहिला: यंत्र वर्षभर अखंड चालू आहे, कोणीही येऊन पाहावे. उत्तर या वेळी आश्चर्यकारक वेगाने आले. मी ते घेऊन स्वतःच गावाला गेलो, आणि गोठ्याच्या दारात उभे राहून नथ्थूभाऊंना वाचून दाखवले.

‘सदर योजना केवळ प्रस्तावित प्रकल्पांसाठी आहे. आपले यंत्र यापूर्वीच कार्यान्वित झाले असल्याने आपण अनुदानास व गाळ्यास पात्र नाही. यंत्र बंद असल्याचा तलाठ्याचा दाखला सादर केल्यास फेरविचार करता येईल.’

पहिल्यांदा यंत्र चालले नाही म्हणून अपात्र. आता चालते म्हणून अपात्र. अद्वैताचे इतके निर्मळ दर्शन फार थोड्या साधकांना होते.

“तिथले एक कारकून मला भेटले,” मी सांगितले. “ते म्हणाले, आठ दिवस बंद ठेवा, दाखला घ्या, मग गाळा नक्की. दहा कोठ्या होतील, नथ्थूभाऊ.”

दहा कोठ्या त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या असाव्यात, कारण त्यांनी मनात काहीतरी मोजले. मग त्यांनी कोपऱ्यातील जात्याकडे पाहिले.

“आठ दिन दळन कोठे जाई, गुरुजी?”

उत्तर त्यांच्यासमोरच उभे होते. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतले, कानाशी नेऊन चुरगाळले, आवाज ऐकला आणि मान डोलावली.

“कोरडं शे,” म्हणाले, आणि त्याच्यावरच कोठी पेटवली. स्वच्छ ऊर्जेला त्या केंद्राने दिलेले प्रत्यक्ष साहाय्य, माझ्या माहितीप्रमाणे, एवढेच.

चक्की सुरू झाली. बायकांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या मोळीतून काडी निघत होती, कानाशी मोडत होती. एकीची मोळी परत गेली. ती पुटपुटत गेली. “आख्खं गाव ह्याना कानवर चालस!” पिठाने भुवया पांढऱ्या झालेले नथ्थूभाऊ हसले. मग अक्का आली. तिची मोळी त्यांनी पाहिलीही नाही. तशीच उचलून आत ठेवू लागले. मला वाटते, ते नेहमी तसेच करीत असावेत.

“थांब रे,” अक्का म्हणाली. तिने स्वतःच मोळीतून एक काडी उपसली, डाव्या हाताने भावाची मान जवळ ओढली आणि त्याच्या कानाशी ती मोडली.

कट्.

“कोरडी शे ना?” तिने विचारले.

“कोरडी शे, अक्का.”

भरिताच्या त्या दिवसाचे अक्काला सारे ठाऊक होते, हे मला त्या क्षणी कळले. किती दिवसांपासून, ते मी विचारले नाही. दोघेही एकमेकांकडे न पाहता आपापल्या कामाला लागली. ती दळणाची पाटी पुढे सरकवू लागली, आणि ते कोठीकडे वळले. माझी एसटी आली होती. मागे वळून पाहिले तेव्हा नथ्थूभाऊ तसेच, मान किंचित कलती करून उभे होते. ती मोडलेली काडी त्यांनी कोठीत टाकली नव्हती, खिशात, आगपेटीशेजारी ठेवली होती.